२५२० आणि रामानुजन: त्या मेसेजमध्ये काय चुकलंय

गणिताची आवड असलेल्यांकडे हा मेसेज फिरत फिरत येतोच: ‘१ ते १० या सगळ्या संख्यांनी भाग जाणारी संख्या असूच शकत नाही, असं गणितज्ञ मानत होते. रामानुजन यांनी २५२० शोधली आणि जग थक्क झालं. तिचं रहस्य ७ × ३० × १२ मध्ये आहे: आठवड्याचे दिवस, महिन्याचे दिवस, वर्षाचे महिने.’ २५२० ला १ ते १० ने भाग जातो, हे खरं. बाकीचं तपासून पाहू.

अशी संख्या नसते असं कुणी गणितज्ञ मानेल कसं? १ ते १० ओळीने गुणा. ३६,२८,८०० येतात, त्यांना दहाही संख्यांनी निःशेष भाग जातो. २५२० एकटीही नाही; ५०४०, ७५६०, तिची कुठलीही पट चालते. तिच्यातलं विशेष इतकंच की ती अशांत सर्वांत लहान आहे. शाळेत आपण यालाच लसावि म्हणतो.

शोधाचं म्हणाल, तर इ.स.पू. ३०० च्या सुमारास ग्रीक गणितज्ञ युक्लिडने लसावि काढायची रीत ‘एलिमेंट्स’ या ग्रंथाच्या सातव्या भागात दिली. त्याच्याही आधी तत्त्वज्ञ प्लेटोने ‘लॉज’ (म्हणजे ‘कायदे’) या ग्रंथात आदर्श नगरासाठी ५०४० कुटुंबं सुचवली होती, कारण या संख्येच्या वाटण्या सहज होतात आणि तिला १ ते १० सगळ्यांनी भाग जातो. ५०४० म्हणजे २५२० ची दुप्पट!

आता ७ × ३० × १२. गुणाकार बरोबर येतो, म्हणूनच लोकांना तो पटतो. पण खरं कारण मूळ अवयवांत आहे. १ ते १० मध्ये २ चा सर्वांत मोठा घात ८, ३ चा ९. ५ आणि ७ एकेकदा पुरतात. ८ × ९ × ५ × ७ = २५२०. ६ आणि १० यांना लागणारं सगळं यात आधीच आलं. ३० × १२ म्हणजे ३६०. तिला १ ते १० पैकी फक्त ७ ने भाग जात नाही, म्हणून ७ ने गुणलं की काम होतं. कॅलेंडरचा संबंध असता तर वर्षाचे खरे दिवस घ्यावे लागले असते, आणि ३६५ म्हणजे ५ × ७३, तिला २ नेही भाग जात नाही.

थोडं पुढे जाऊन १० नंतरच्या संख्याही घेऊन पाहा. १२ ला २५२० पुरते, पण ११ साठी ११ ने गुणावं लागतं: २७,७२०. १३ आला की ३,६०,३६०; तिला १४ आणि १५ नेही आपोआप भाग जातो. १६ ला आणखी एक २ लागतो, म्हणून ७,२०,७२०. नवी मूळ संख्या किंवा मूळ संख्येचा नवा घात आला तरच उडी, एरवी नाही. हा नियम मला कुठल्याही रहस्यापेक्षा जास्त सुंदर वाटतो.

रामानुजन यांचा २५२० शी संबंध मात्र खरा आहे, आणि तोच मेसेजमधून गळतो, याचं वाईट वाटतं. १९१५ साली त्यांनी ज्या संख्यांचे विभाजक आपल्यापेक्षा लहान प्रत्येक संख्येच्या विभाजकांपेक्षा जास्त असतात, त्यांच्यावर दीर्घ निबंध प्रसिद्ध केला. २५२० त्यांपैकीच एक: विभाजक ४८. तिच्या आधीच्या १६८० चे ४०. रामानुजन यांनी दाखवलं की अशा संख्येत मूळ अवयव २ पासून एकही न वगळता ओळीने येतात, त्यांचे घातांक पुढे वाढत नाहीत आणि शेवटच्या अवयवाचा घातांक १ च असतो. अपवाद फक्त ४ आणि ३६. २५२० चे घातांक ३, २, १, १ असे आहेत.