राजाने गुरुजींना बोलावून घेतलं नव्हतं

शिक्षक दिन जवळ आला की फॉरवर्डचा पाऊस सुरू होतो. त्यातलाच हा एक. डेन्मार्कच्या खेड्यातल्या एका शाळामास्तरांची कीर्ती राजाच्या कानावर गेली, राजाने त्यांना थेट शिक्षणमंत्री केलं, पुढे पंतप्रधानही. त्यांनी देशात सक्तीचं मोफत शिक्षण आणलं, सहकाऱ्याच्या पापाची जबाबदारी घेऊन खुर्ची सोडली आणि गावी जाऊन पुन्हा खडू हातात घेतला. खाली तात्पर्य : खऱ्या गुणवत्तेला राजकारण करावं लागत नाही.

माणूस खरा आहे. येन्स क्रिस्टियान क्रिस्टेन्सेन, जन्म १८५६, लहानपणी गुरं राखलेली, पुढे पश्चिम युटलंडमधल्या स्टाडिल गावचे शिक्षक. रविवारी चर्चमध्ये गाणं धरायचं कामही त्यांच्याकडेच. गोष्टीचा बाकीचा भाग मात्र एकेक करून तपासावा लागतो.

आधी राजा. नववा क्रिस्टियान राजा क्रिस्टेन्सेन यांच्या मंडळींना सत्तेत घ्यायलाच तयार नव्हता. त्यांचा, म्हणजे शेतकऱ्यांचा, 'व्हेन्स्ट्र' पक्ष कनिष्ठ सभागृहात वर्षानुवर्षं बहुमतात असूनही मंत्रिमंडळ उजव्यांचंच असे. पंतप्रधान एस्ट्रुप यांनी तर सभागृहाच्या संमतीशिवाय तात्पुरत्या अंदाजपत्रकांवर कारभार रेटला. क्रिस्टेन्सेन १८९० साली निवडून आले, उजव्यांशी १८९४ मध्ये झालेल्या तडजोडीला विरोध केला आणि १८९५ मध्ये 'सुधारवादी व्हेन्स्ट्र' हा वेगळा पक्ष उभा केला. १९०१ च्या निवडणुकीत सभागृहातल्या ११४ जागांपैकी उजव्यांकडे फक्त ८ उरल्या, तेव्हा कुठे राजा नमला. तरीही पंतप्रधानपद मिळालं डॉइंट्सर या कायद्याच्या प्राध्यापकाला. पक्षाचे खरे नेते असलेल्या क्रिस्टेन्सेनना शिक्षण आणि धर्म खातं. पंतप्रधानपदासाठी १९०५ उजाडलं. याला राजकारण म्हणायचं नाही तर कशाला म्हणायचं?

सक्तीचं शिक्षण? ते डेन्मार्कमध्ये १८१४ चं, म्हणजे या गुरुजींच्या जन्माआधी ४२ वर्षं. ज्यांना परवडत नाही त्यांच्या मुलांना मोफत शिक्षणाचा हक्क १८४९ च्या राज्यघटनेत आहे. क्रिस्टेन्सेन यांचं खरं काम वेगळं, आणि माझ्या मते जास्त मोलाचं. तोवर गावची शाळा आणि उच्चभ्रूंची लॅटिन शाळा यांच्यात धड वाटच नव्हती. त्यांच्या १९०३ च्या कायद्याने प्राथमिक शाळेनंतर चार वर्षांची मधली शाळा आणि पुढे तीन वर्षांचं जिम्नॅशियम अशी सलग शिडी उभी केली. (जिम्नॅशियम म्हणजे तालीम नव्हे, कॉलेजआधीची शाळा.) मात्र मधल्या शाळा मुख्यतः शहरांत निघाल्या, त्यामुळे स्टाडिलसारख्या गावातल्या पोरांच्या वाट्याला त्यातलं थोडंच आलं. शहरी आणि खेड्यातल्या शाळांमधला कायदेशीर भेद मिटायला १९५८ उजाडलं. फॉरवर्डला ही बाजू नकोच असते.

आता राजीनामा. न्यायमंत्री अल्बेर्टी यांच्या कारभाराबद्दल विरोधक वर्षानुवर्षं ओरडत होते आणि क्रिस्टेन्सेन अल्बेर्टींना पाठीशी घालत होते. अल्बेर्टी शेतकऱ्यांच्या ज्या बचत बँकेचे प्रमुख होते, तिला १९०८ मध्ये सरकारी तिजोरीतून १५ लाख क्रोनर कर्जही मिळालं. ८ सप्टेंबर १९०८ ला अल्बेर्टी स्वतःच पोलिसांकडे गेले आणि अफरातफर कबूल केली. रक्कम सुमारे दीड कोटी क्रोनर! महिनाभराने, १२ ऑक्टोबरला, क्रिस्टेन्सेन यांचं सरकार गेलं. एवढ्यावर भागलं नाही. मंत्र्यांवर खटला चालवणाऱ्या विशेष न्यायालयात त्यांना उभं राहावं लागलं. १९१० मध्ये ते निर्दोष सुटले. त्यांच्यासोबतचे माजी गृहमंत्री सिगुर्द बेर्ग यांना दंड झाला. खिशात पैसा घातल्याचा आरोप क्रिस्टेन्सेन यांच्यावर नव्हताच. प्रश्न होता तो डोळेझाकीचा, आणि 'त्यागमूर्ती' हे विशेषण तिथे बसत नाही.

राहिला खडू. राजीनाम्याला वर्ष होण्याआधीच, खटल्याचा निकाल लागायचा असताना, ते १९०९ मध्ये थोड्या काळासाठी संरक्षणमंत्री झाले. १९१६ मध्ये वेस्ट इंडीजमधली डॅनिश बेटं अमेरिकेला विकण्याचा वाद पेटला, तेव्हा ते बिनखात्याचे मंत्री म्हणून विरोधी पक्षाच्या सरकारात बसले. १९२० ते १९२२ धर्मखातं सांभाळलं आणि संसद सोडली ती १९२४ मध्ये.