चूक एकच, मोजपट्ट्या दोन

नेत्यांच्या जाहीर चुकांवरून त्यांची खरी पात्रता कळते, हे एका लेखात वाचलेले म्हणणे मला अर्धेच पटते, कारण कोणाची चूक लक्षात ठेवायची हे आपण बहुतेकदा पक्ष पाहून ठरवतो. १९९२ मध्ये अमेरिकेचे उपराष्ट्राध्यक्ष डॅन क्वेल यांनी एका शाळेत, फळ्यावर ‘पोटॅटो’ अचूक लिहिणाऱ्या १२ वर्षांच्या मुलाला शेवटी आणखी एक ‘ई’ जोडायला लावला आणि ते कायमचे हास्यास्पद ठरले. शाळेकडून त्यांच्या हाती आलेल्या कार्डावर तेच चुकीचे स्पेलिंग होते, हे मात्र फारसे कोणी सांगत नाही. २००८ च्या प्रचारात बराक ओबामा आपण ५७ राज्यांत जाऊन आल्याचे बोलून गेले, तेव्हा त्यांच्या चाहत्यांनी ती थकव्यातून झालेली चूक मानली, आणि ते योग्यच होते. (राज्ये ५० आहेत हे त्यांना ठाऊक नसेल, असे विरोधकांनाही मनातून वाटले नसावे.) तोच समजूतदारपणा क्वेल यांच्या वाट्याला का येऊ नये? १९७६ च्या निवडणुकीतील वादचर्चेत अमेरिकेचे तेव्हाचे राष्ट्राध्यक्ष जेराल्ड फोर्ड यांनी, पूर्व युरोपावर सोव्हिएत वर्चस्व उघड दिसत असतानाही, ते नसल्याचे सांगितले आणि पुन्हा विचारल्यावरही विधान मागे घेतले नाही. ते केवळ जीभ घसरणे नव्हते, धोरणाविषयीचे विधान होते. त्याबद्दल त्यांना धारेवर धरले गेले ते रास्तच होते.