भावनगरचे राजे, मद्रासचे राज्यपाल

काल सकाळी गंगापूर रोडला फिरून आल्यावर नेहमीप्रमाणे सगळे कट्ट्यावर टेकलो. राज्यपालपदाचा विषय निघाला आणि आमच्यातले एक काका म्हणाले, "त्यापेक्षा जुन्या राजघराण्यांतली माणसं बसवा तिथं. राज्य करणं रक्तातच असतं त्यांच्या." सगळ्यांनी माना डोलावल्या. मला ते मुळीच पटलं नाही. तिथं धड बोलता आलं नाही, म्हणून इथं लिहितेय.

काका, भावनगरचे कृष्णकुमारसिंहजी आठवा. जन्म १९१२ चा. वडील गेले तेव्हा अवघे सात वर्षांचे. पाटी-दप्तर घेऊन शाळेत जायच्या वयात गादीवर बसले. १९३१ मध्ये कारभार हातात आला. तेरा तोफांच्या सलामीचं संस्थान, शब्द खाली पडू न देणारी माणसं. आणि १५ जानेवारी १९४८ ला, सरदार पटेलांच्या साक्षीनं, त्यांनी हा कारभार लोकांच्या प्रतिनिधींच्या हाती दिला. पुढच्याच महिन्यात काठेवाडातल्या संस्थानांचं एक राज्य झालं.

त्याच वर्षी सप्टेंबरात ते मद्रासचे राज्यपाल झाले. तेव्हाचा मद्रास प्रांत म्हणजे आंध्रच्या किनाऱ्यापासून मलबारपर्यंत. मानधन घेतलं ते एक रुपया. लोक या रुपयाचंच कौतुक करतात. मला त्याहून मोठी वाटते ती दुसरी गोष्ट. तिकडं त्यांच्या घराण्याला पिढ्यान्‌पिढ्या मुजरा करत आलेलं कुणीही नव्हतं. भाषा वेगळी, माणसं वेगळी. सरकार चालवत होते ओमंदूर रामस्वामी रेड्डियार, मूळचे शेतकरी. त्यांच्या मंत्रिमंडळाच्या सल्ल्यानं चालायचं, हे एकोणिसाव्या वर्षापासून हुकूम देत आलेल्या माणसाचं काम. यात रक्तातलं काय आलं? रक्तात होतं ते बाजूला ठेवूनच हे पद सांभाळता येतं. मार्च १९५२ पर्यंत त्यांनी ते सांभाळलं.

म्हैसूरचे जयचामराजेंद्र वडियार विद्वान होते, संगीतरचनाकार होते, त्यांच्याबद्दल मला आदरच आहे. पण १९५६ मध्ये त्यांना म्हैसूरचंच राज्यपाल केलं गेलं. कालपर्यंतचे महाराज आणि आजचे राज्यपाल एकच असतील, तर नमस्कार कुणाला करायचा हे लोकांना कसं कळावं? राजघराण्यातला माणूस नेमायचाच असेल, तर तो त्याच्या जुन्या मुलखापासून लांब नेमावा, असं माझं स्पष्ट मत आहे.

आता आपल्या नाशिकचं. भावनगरात राजांनी कारभार सोपवला तो बळवंतराय मेहतांकडे. तेच मेहता ज्यांच्या समितीनं १९५७ मध्ये त्रिस्तरीय पंचायत राज, म्हणजे गाव, तालुका आणि जिल्हा अशा तीन पातळ्यांवर लोकांनी निवडलेला कारभार, सुचवलं. पुढं वसंतराव नाईक समिती बसली आणि १ मे १९६२ पासून महाराष्ट्रात जिल्हा परिषदा सुरू झाल्या.

माझी आई जिल्हा परिषदेची शिक्षिका. पहिली नेमणूक सुरगाणा तालुक्यात. सुरगाणा हे आपल्या जिल्ह्यातलं संस्थान, १९४८ मध्ये विलीन झालेलं. आई पोरं गोळा करायला पाड्यावर घरोघर फिरायची, तेव्हा म्हातारी माणसं अजून "राजाच्या वारी", म्हणजे राजाच्या वेळी, असं म्हणत जुना काळ सांगायची. त्यांच्याच नातवंडांची नावं तिनं शाळेच्या हजेरीपटावर स्वतःच्या हातानं लिहिली.