सुजलेल्या सांध्याला डाग नको

"घोड्याचा सांधा सुजला की तापल्या सळईचा डाग द्या, रक्त धावून येतं आणि सांधा पक्का होतो. घाई असेल तर डायक्लोफेनॅक टोचून काम चालू ठेवा. गव्हाचा कोंडा वाढवा, हाडं मजबूत होतात." घोडेमालकांत हा मजकूर पुन्हा पुन्हा फिरतो.

रक्त धावून येतं, पण कातडीत. सांध्यातल्या कूर्चेत, म्हणजे हाडांच्या टोकांवरच्या गुळगुळीत थरात, रक्तवाहिन्याच नसतात. तिचं पोषण सांध्यातल्या द्रवातून होतं. मग डागलेला घोडा सुधारलेला का दिसतो? जखम भरेपर्यंत त्याला कामावरून काढतात म्हणून. गुण विश्रांतीचा, श्रेय सळईला. ब्रिटनमधली पशुवैद्यकांची नियामक संस्था तर डागणं अनैतिकच मानते.

मुख्य धोका वेगळाच आहे. सांध्याजवळ टोचल्याची बारीकशी जखम, सांधा गरम, घोडा पाय टेकवतच नाही; किंवा काही दिवसांच्या शिंगराचा सांधा अचानक फुगलेला. हा सांध्यातला जंतुसंसर्ग असू शकतो. अशा वेळी सांध्यातलं पाणी काढून तपासावं लागतं आणि सांधा आतून धुवावा लागतो, तोही काही तासांत. एक-दोन दिवस डाग आणि लेपात घालवले तर कूर्चा कायमची खराब होते.

जखम नसेल आणि घोडा पाय टेकवत असेल, तर पहिले ४८ तास दिवसातून तीन-चार वेळा १५ ते २० मिनिटं थंड पाण्याची धार सोडा. कोणता पाय दुखतो हे सपाट, कठीण जमिनीवर दुडकी चालवून पाहा: पुढचा दुखरा पाय टेकताना डोकं वर उडतं.

डायक्लोफेनॅक या वेदनाशामकाचं म्हणाल, तर जनावरांसाठी ते भारतात २००६ पासून बंद आहे, कारण त्याचा अंश असलेलं मढं खाऊन गिधाडं मूत्रपिंड निकामी होऊन मरतात. पशुवैद्यक मेलोक्सिकॅम देतात: किलोमागे ०.६ मिलिग्रॅम, दिवसातून एकदा, म्हणजे ३५० किलोच्या घोड्याला २१० मिलिग्रॅम. त्यासोबत दुसरं वेदनाशामक नको. जठरात व्रण होतात, मूत्रपिंडावर ताण येतो. शिवाय दुखणं दबलं की घोडा दुखरा पाय जपत नाही आणि झीज वाढते. मागच्या पायाच्या हॉकमधल्या (पायाच्या मध्यावरच्या, मागे टोक आलेल्या मोठ्या सांध्यातल्या) खालच्या, कमी हलणाऱ्या सांध्यांचा जुना संधिवात हा अपवाद. तिथे पशुवैद्यक कधी कधी औषधासह हलकं काम मुद्दाम चालू ठेवतात. पण ते क्ष-किरण तपासणीनंतर, अंदाजाने नव्हे.

कोंड्याचा सल्ला तर उलटाच. त्यात कॅल्शियमच्या कितीतरी पट फॉस्फरस असतो. रोज घमेलंभर कोंडा घातला की शरीर हाडातलं कॅल्शियम ओढून घेतं. एकूण खुराकात कॅल्शियम फॉस्फरसच्या दीड ते दोन पट हवं. त्यासाठी लसूणघास बरा.

नालबंदाला मात्र या मजकुरात जागाच नाही! नाल पाच-सहा आठवड्यांनी बदलायलाच हवी, झिजलेली नसली तरी. खुराचं टोक लांबलं की पाऊल उचलताना खूर टोकावरून उशिरा उलटतो आणि घोट्यावर व खुरातल्या सांध्यावर दर पावलाला ताण वाढतो.