श्राद्ध तो हर साल आता है

काल आमच्या महिला मंडळाच्या ग्रुपवर एकीनं विचारलं, "ताई, मी बी.ए. झालेली, गणित दहावीनंतर सोडलं. हे बिझनेस डेटा अ‍ॅनालिसिस, म्हणजे धंद्याच्या आकड्यांतून अर्थ काढणं म्हणतात ते, मला जमेल का? क्लासवाले वीस हजार मागताहेत." तिला उत्तर लिहायला बसले आणि ते इतकं लांबलं की म्हटलं इथेच टाकावं.

आधी माझी लायकी सांगते. मी एम.ए. मराठी. इंदूरला सियागंजात मसाल्याच्या एका ठोक पेढीवर बिलिंग आणि उधारी बघते, चौदा वर्षं झाली. टॅली येतं, जीएसटीचा पोर्टल उघडता येतो, आणि कुठली पार्टी 'कल पक्का' म्हणाली की पैसे महिन्यानं येणार हे आवाजावरून कळतं. कॉम्प्युटरवाल्यांच्या भाषेत मला 'नॉन-टेक्निकल' म्हणतात. तो शब्द मला अजिबात आवडत नाही. आठशे पार्ट्यांच्या उधारीचा मेळ घालणं टेक्निकल नाही तर काय भजन आहे?

क्लास मीही लावला होता, २०२३ च्या उन्हाळ्यात. नाव सांगत नाही, कुणाच्या पोटावर पाय कशाला. पहिला आठवडा पायथन ही प्रोग्रामिंगची भाषा कॉम्प्युटरवर चढवण्यात गेला. दुसऱ्या आठवड्यात फुलं आली. आयरिस नावाच्या फुलांच्या १५० नमुन्यांची मापं, तीन जाती, प्रत्येकी पन्नास. फिशर नावाच्या संख्याशास्त्रज्ञानं १९३६ साली आपल्या लेखात ती वापरली, आणि आज जगभरातल्या शिकाऊंच्या पुढ्यात हीच फुलं येतात. माझं त्या फुलांशी भांडण नाही. पण दिवसभर धणे-जिऱ्याची बिलं फाडून आलेल्या बाईनं रात्री साडेनऊला परदेशी पाकळ्यांची रुंदी मोजायची, आणि कशासाठी मोजतोय हे विचारलं तर "मॅडम, पहले कॉन्सेप्ट समझिए". तिसऱ्या आठवड्यात मी जायचं सोडलं. पैसे गेले ते गेलेच.

त्या फुलांची खरी खोट मला नंतर कळली. त्या दीडशे ओळी घासूनपुसून ठेवलेल्या असतात. कुणाचं नाव तीन तऱ्हांनी लिहिलेलं नाही, एक तारीख उलटी नाही. आणि खऱ्या कामात तर तेच सगळं असतं.

पुण्याला आयटीत असलेला माझा भाचा गणपतीत आला होता. तो म्हणाला, "मामी, फुलं सोड. टॅलीतून दोन वर्षांची विक्री एक्सेलमध्ये काढ आणि तिच्याकडे नुसती बघत बस." सेठजींची परवानगी घेऊन मी काढली. अडतीस हजार ओळी. मला वाटलं एक्सेल फुटेल. भाचा हसला. एका शीटमध्ये १०,४८,५७६ ओळी मावतात म्हणे, आपलं दुकान कुठेच नाही.

आणि पहिल्याच दिवशी घोळ. आम्ही मार्चमध्ये मोठी विक्री केल्याचं दिसेना, आणि न आलेल्या डिसेंबरात मात्र विक्री दिसू लागली. सप्टेंबर चालू, आणि बिलं डिसेंबरची! तासभर डोकं धरून बसले. मग लक्षात आलं की तारखेच्या कॉलममध्ये काही तारखा उजवीकडे चिकटल्यात, काही डावीकडे. एक्सेलला जे आकडा म्हणून कळतं ते तो उजवीकडे लावतो, नुसती अक्षरं वाटली तर डावीकडे. पेढीच्या कॉम्प्युटरवर तारखेची पद्धत अमेरिकन होती, आधी महिना, मग दिवस. त्यामुळे ५/१२ म्हणजे ५ डिसेंबरचं त्यानं १२ मे केलं, १२/५ चं ५ डिसेंबर केलं, आणि २५/५ आलं तेव्हा पंचविसावा महिना नसतो म्हणून ते अक्षरं समजून डावीकडे ढकललं. वाईट हे की उजवीकडच्या तारखा दिसायला अगदी बरोबर दिसतात. उलटलेल्या तारखा नंतर ओळखू येत नाहीत, म्हणून मूळ फाइल परत घेऊन, आत आणतानाच 'हा कॉलम दिवस-महिना-वर्ष असा वाच' असं सांगावं लागलं. हे मला कुठल्या क्लासनं शिकवलं नव्हतं. शिकवणार तरी कसं, फुलांना तारखा नसतात.

मग नावं. देवासची एक पार्टी आमच्याकडे चार नावांनी नांदत होती: एकदा 'ट्रेडर्स', एकदा 'ट्रेडिंग', एकदा शेवटी टिंब, एकदा मध्ये दोन स्पेस. स्पेसचा कचरा एक्सेलच्या 'ट्रिम' फॉर्म्युल्यानं निघतो. बाकीच्यासाठी मी जीएसटी नंबर धरला. त्याची पंधरा अक्षरं असतात, पहिले दोन आकडे राज्याचे (आपलं मध्य प्रदेश २३, गुजरात २४, महाराष्ट्र २७), पुढची दहा अक्षरं म्हणजे मालकाचा किंवा पेढीचा पॅन. नाव कसंही लिहा, नंबर एकच. पण दोन भाऊ एकाच नंबरावर दोन दुकानं चालवतात, एक वेळेवर पैसे देतो, दुसऱ्याकडे चार चकरा माराव्या लागतात. त्यांना एक धरायचं की दोन? याचं उत्तर कुठल्या फॉर्म्युल्यात नाही. मी दोन धरले, कारण चकरा मारणारा मुलगा आमचा आहे.

आता ज्याच्यासाठी हे लिहायला बसले ते.

१६ ऑक्टोबर २०२३, सोमवार. पिव्हट टेबल, म्हणजे हजारो ओळींची गटवार बेरीज करून देणारं एक्सेलचं कोष्टक, नुकतं हाताला बसलं होतं आणि मला ते जिथे तिथे लावायची खुमखुमी होती. १ ते १५ ऑक्टोबरची विक्री, मागचं वर्ष आणि हे वर्ष, लाइनवार, म्हणजे सेल्समनच्या एकेका भागावार. निळे खांब मागचे, लाल यंदाचे. लाल खांब सगळीकडेच बुटके, आणि खंडवा-खरगोन लाइनचा तर निम्म्याहून कमी. सेठजींना दाखवलं. त्यांनी चष्मा वर केला, स्क्रीनवर बोट ठेवलं, आणि त्या लाइनच्या सेल्समनचं नाव घेऊन म्हणाले, "इसका मन नहीं है काम में. दिवाली के बाद देखते हैं इसको."

मी हळूच म्हटलं, श्राद्धं होती. तर ते म्हणाले, "श्राद्ध तो हर साल आता है."

बिनतोड वाटलं मला. गप्प घरी आले.

रात्री पोळ्या लाटताना सासूबाईंना सांगितलं. त्यांनी भिंतीवरचं कालनिर्णय बघितलंही नाही. म्हणाल्या, "अगं, यंदा श्रावण अधिक होता ना? सगळं पुढं गेलं. मागच्या वर्षी पितृपंधरवडा गणपती उठले की सप्टेंबरातच आटोपला होता. दसऱ्याला तर तू नवी साडी नेसलीस, पाच तारखेला."

पोळी तव्यावर तशीच. २०२२ ला पितृपक्ष १० ते २५ सप्टेंबर, दसरा ५ ऑक्टोबर, दिवाळी २४ ऑक्टोबर. २०२३ ला पितृपक्ष २९ सप्टेंबर ते १४ ऑक्टोबर, दिवाळी १२ नोव्हेंबर. म्हणजे मी मागच्या वर्षीचं नवरात्र-दसरा यंदाच्या श्राद्धाशी तोलत होते, आणि त्या तराजूवर एका माणसाची नोकरी ठेवली होती. श्राद्ध दर साल येतं हे खरंच. त्याच इंग्रजी तारखांना येत नाही, एवढंच. श्राद्धात मंदी असते हे सेठजींना माझ्यापेक्षा पक्कं ठाऊक, तीस वर्षं गादीवर बसलेत. पण रंगीत खांब समोर उभे राहिले की माणूस स्वतःला ठाऊक असलेलं विसरतो. मीही विसरले होते, आणि खांब तर मीच उभे केले होते.

दुसऱ्या दिवशी मी एकच कॉलम वाढवला: 'दिवाळीला किती दिवस'. एक्सेलच्या पोटात प्रत्येक तारीख हा नुसता आकडा असतो, १ जानेवारी १९०० म्हणजे १, तिथून मोजत आलं की १२ नोव्हेंबर २०२३ म्हणजे ४५२४२. म्हणून तारखेतून तारीख सरळ वजा होते. ३ ऑक्टोबर ही तारीख २०२२ मध्ये दिवाळीपासून २१ दिवसांवर होती, २०२३ मध्ये ४० दिवसांवर. मग दिवाळीआधीचा चाळिसावा दिवस चाळिसाव्याशी, एकविसावा एकविसाव्याशी असं लावत गेले. दिवाळी सरल्यावर पूर्ण चित्र आलं तेव्हा खंडवा-खरगोन मागच्या वर्षापेक्षा वरच निघालं. खाली गेली होती ती आमची शहरातलीच लाइन, जिच्याकडे कुणाचं लक्ष नव्हतं. तो सेल्समन अजून आहे. त्याला यातलं काहीही माहीत नाही, आणि मी सांगणारही नाही.

तर ताई, जमेल का? वजाबाकी येते ना, मग जमेल. वीस हजार आत्ता देऊ नकोस. जिथे काम करतेस तिथला, नाहीतर घरच्या दुकानाचा, सोसायटीच्या मेंटेनन्सचा, कसलाही खरा आणि घाणेरडा हिशोब घे. सॉर्ट, फिल्टर, पिव्हट, आणि दोन याद्या जुळवायला एक्सलुकअप (जुन्या एक्सेलमध्ये व्हीलुकअप), एवढ्यावर माझे पहिले आठ महिने निघाले. दर महिन्याला तीच साफसफाई करून कंटाळा आला की एक्सेलमधलंच पॉवर क्वेरी बघ, एकदा शिकवलं की पुढच्या वेळी स्वतःच करतं. एसक्यूएल, म्हणजे डेटाबेसला प्रश्न विचारायची भाषा, मी त्यानंतर शिकले आणि उगाच घाबरले होते असं वाटलं. 'या यादीतून, ही अट लावून, हे दे' एवढंच असतं सुरुवातीला. पायथन अजूनही येत नाही. सर्टिफिकेटबद्दल माझं मत चांगलं नाही, पण तुला नोकरी बदलायची असेल तर घे बाई, अर्जावर कामाला येतं.

एआयला विचारूनही फॉर्म्युले मिळतात आता, मीही विचारते. झकास लिहून देतो. ऑक्टोबर-ऑक्टोबर तुलना कर म्हटलं तर तीही तितक्याच झकास करून देतो.

सरासरीवर मात्र भरवसा ठेवू नकोस. आमच्या उधारीचे दिवस काढले तर सरासरी ४७ आली, सेठजी हादरले. चार बुडीत पार्ट्यांनी ती ओढली होती. सगळ्यांना रांगेत उभं करून मधला बघितला तर ३१. यावर एकदा वेगळं लिहीन, आज आधीच फार झालंय.

आणि हो, २०२६ मध्ये ज्येष्ठ अधिक आहे, १७ मे ते १५ जून. लग्नं नाहीत, म्हणजे केटररवाल्यांची मोठी बिलं नाहीत. आज सकाळी चहा घेताना सासूबाईच म्हणाल्या, "ते अधिकाचं घातलंस का गं तुझ्या त्या चौकटींत?"

घातलं नव्हतं. आता घालते.