"जीए शेवटच्या महिन्यात होतं" या कमेंटला माझं उत्तर

मागच्या पोस्टमध्ये मी लिहिलं होतं की बँकेच्या परीक्षा देणाऱ्यांनी जीए (जनरल अवेअरनेस, म्हणजे सामान्य आणि बँकिंगचं ज्ञान) आणि करंट (चालू घडामोडी) पहिल्या दिवसापासून थोडंथोडं सुरू करावं. त्यावर एका वाचकाची बरीच मोठी आणि जरा चिडलेली कमेंट आली. थोडक्यात त्यांचं म्हणणं असं, की ताई, प्रिलिम्सला (पूर्व परीक्षेला) जीए नाहीच, मग आत्तापासून पेपर वाचत बसायचं कशाला, तोच वेळ क्वांटला (गणिताला) दिला तर निदान प्रिलिम्स तरी निघेल. जीए म्हणजे निव्वळ पाठांतर, मेन्सच्या (मुख्य परीक्षेच्या) आधी कॅप्सूल पीडीएफ (सगळ्या घडामोडींचं थोडक्यात संकलन) घेतली की महिन्याभरात होतं, माझ्या दोन रूममेट्सचं असंच झालं. आणि आरबीआयची वेबसाइट वाचा वगैरे सल्ले दिवसभर अभ्यासिकेत बसणाऱ्यांना ठीक आहेत, मी दिवसा जॉब करतो, मराठी मिडीयमचा आहे, मला हे जमणारं नाही.

खाली दोन ओळीत उत्तर देण्यासारखा हा विषय नाही, कारण असं वाटणारे तुम्ही एकटे नाही, माझ्याकडे येणाऱ्या निम्म्या मेसेजमध्ये हेच असतं. म्हणून इथे नीट लिहिते.

प्रिलिम्सचं आधी. क्लार्क काय पीओ (अधिकारी) काय, प्रिलिम्सला इंग्लिश, क्वांट, रिझनिंग, १०० मार्क, एक तास, जीए नाही, हे बरोबरच आहे. आणि प्रिलिम्स निघाली नाही तर पुढचं सगळं वाया, हेही खरं. क्वांटचा वेळ काढून जीएला द्या असं मी कुठेच म्हटलेलं नाही. पण प्रिलिम्सचे मार्क पुढे धरतच नाहीत हो. क्लार्कला इंटरव्ह्यू नाही, मेरिट फक्त मेन्सवर. पीओला मेन्स आणि इंटरव्ह्यू ८०:२०. म्हणजे नोकरी ठरते ती मेन्समध्ये, आणि तिथे जीए बसलेलं आहे. आयबीपीएस (सरकारी बँकांसाठी भरती परीक्षा घेणारी संस्था) क्लार्क मेन्सला बरीच वर्षं जीएचे ५० प्रश्न, ५० मार्क आणि ३५ मिनिटं असायची. २०२५ ला पॅटर्न बदलला, प्रश्न ४० झाले, मार्क ५०च राहिले, वेळ २० मिनिटं. आता हिशोब करा. एका प्रश्नाला सव्वा मार्क आणि अर्धा मिनिट. अर्ध्या मिनिटात प्रश्न वाचायचा, पाच ऑप्शन बघायचे आणि टिक करायचं. "हे कुठेतरी वाचलंय" म्हणत आठवत बसायला त्यात जागाच नाही, आणि अंदाजाने ठोकलं तर चुकलेल्या उत्तराला पाव हिस्सा कट. क्वांटमध्ये एखादा सेट अडला तर तुम्ही झगडून सोडवू शकता, जीएमध्ये झगडण्यासारखं काही नसतं, येतं किंवा येत नाही. उलट ज्याचं पक्कं आहे त्याला इतके मार्क इतक्या कमी वेळात दुसऱ्या कुठल्याच सेक्शनला मिळत नाहीत.

आता पाठांतराचा मुद्दा. माझा खरा विरोध याला आहे.

मी बँकेत काउंटरवर बसते. एकदा एक आजोबा आले, हातात एका पतसंस्थेची ठेव पावती, प्लास्टिकच्या पिशवीत घडी करून ठेवलेली. म्हणाले, बाई, बँक बुडाली तरी पाच लाख मिळतात असं टीव्हीवर ऐकलं, मग याचे पण मिळतील ना? मला त्यांना सांगावं लागलं की काका, ते पाच लाख बँकेतल्या ठेवीला, सहकारी बँक असली तरी चालते, पण पतसंस्थेला ते संरक्षण नाही. त्यांनी तोच प्रश्न तीनदा विचारला. परीक्षेत "खालीलपैकी कोणत्या संस्थेतील ठेवींना डीआयसीजीसीचे विमा संरक्षण नाही" असा प्रश्न येतो तो हाच (डीआयसीजीसी म्हणजे बँकेतल्या ठेवींचा विमा उतरवणारी आरबीआयची कंपनी). तुमच्या कॅप्सूलमध्ये डीआयसीजीसीची एक ओळ असते, "विमा मर्यादा ५ लाख". ती ओळ पाठ करून या प्रश्नाचं उत्तर येत नाही.

तर हाच विषय घेऊन दाखवते की मी सुरू करा म्हणते ते नक्की काय. १९६० मध्ये पलाई सेंट्रल बँक आणि लक्ष्मी बँक बुडाल्या, लोकांचे पैसे गेले, म्हणून १ जानेवारी १९६२ पासून ठेव विमा सुरू झाला, तेव्हा मर्यादा होती फक्त १,५०० रुपये. ती वाढत वाढत १९९३ ला १ लाख झाली आणि मग जवळजवळ सत्तावीस वर्षं तिथेच राहिली. सप्टेंबर २०१९ मध्ये पीएमसी या सहकारी बँकेतून पैसे काढण्यावर निर्बंध आले, मुंबईत लोक बँकेबाहेर रडत होते ते आपण सगळ्यांनी टीव्हीवर पाहिलंय, आणि ४ फेब्रुवारी २०२० पासून मर्यादा ५ लाख झाली. मग २०२१ मध्ये कायदा दुरुस्त केला, की बँकेवर निर्बंध आले तरी ठेवीदाराला विम्याची रक्कम ९० दिवसांत मिळायला हवी. पाच लाख प्रत्येक ठेवीदाराला प्रत्येक बँकेमागे, एकाच बँकेच्या सगळ्या शाखा मिळून, मुद्दल आणि व्याज धरून. म्हणजे मुद्दल ४ लाख ८० हजार आणि व्याज ४० हजार असेल तर हातात पाचच लाख, ५ लाख २० हजार नाही. प्रीमियम बँक भरते, ठेवीदार नाही, २०२५ मध्ये तो सगळ्या बँकांना सारखाच होता, १०० रुपयांमागे वर्षाला १२ पैसे. आणि ऑक्टोबर २०२५ च्या पतधोरणात आरबीआयने जाहीर केलं की आता सगळ्यांना सरसकट एकच दर नको, बँकेच्या जोखमीप्रमाणे प्रीमियम ठेवायचा.

हे वाचायला किती वेळ लागला? दोन मिनिटं. यात सात-आठ प्रश्न आहेत आणि एकही घोकावा लागला नाही, कारण एकातून दुसरं निघतंय. आणि मुख्य म्हणजे ती ऑक्टोबरची जोखमीच्या प्रीमियमची बातमी, ज्याला मागचं माहीत आहे त्याच्या एका वाचनात डोक्यात बसते, ज्याला माहीत नाही त्याच्यासाठी ती महिन्यातल्या दोनशे बातम्यांपैकी एक. शेवटच्या महिन्यात कॅप्सूल घेऊन बसणाऱ्याचं नेमकं हेच होतं, त्याच्यासमोर सगळ्या ओळी सारख्याच महत्त्वाच्या असतात.

दुसरं उदाहरण रेपोचं (आरबीआय बँकांना थोड्या मुदतीचं कर्ज देते तो दर), कारण त्यावर प्रश्न आला नाही असं सहसा होत नाही. २०२५ मध्ये फेब्रुवारीत रेपो ६.५० वरून ६.२५, एप्रिलमध्ये ६, जूनमध्ये एकदम ५.५०, डिसेंबरमध्ये ५.२५. पोरं हे चार आकडे पाठ करतात आणि पेपरात विचारतात एसडीएफ (बँका जादा पैसे आरबीआयकडे ठेवतात त्यावरचा) किंवा एमएसएफचा (बँका अडचणीला आरबीआयकडून रातोरात उसने घेतात त्यावरचा) दर. एसडीएफ रेपोच्या पाव टक्का खाली, एमएसएफ पाव टक्का वर, बँक रेट एमएसएफइतकाच. रेपो ५.२५ म्हटलं की बाकीचे ५.००, ५.५० आणि ५.५० आपोआप आले. एसडीएफ एप्रिल २०२२ मध्ये आणला, त्याआधी ती खालची जागा रिव्हर्स रेपोची होती. रिव्हर्स रेपोचा दर ३.३५ वरच ठेवलाय, म्हणून रेपो खाली आला की रिव्हर्स रेपोही खाली आला असेल असं समजून उत्तर देणारे तिथे फसतात. एवढं एकदा समजून घेतलं की पुढच्या प्रत्येक पतधोरणाला तुम्हाला फक्त एक आकडा बघायचाय.

कॅप्सूल वाईट आहे असं माझं म्हणणं नाही, मी स्वतः ती वापरायला सांगते, पण रिव्हिजनला. पहिल्यांदाच वाचायला ती घेतली की दोन त्रास होतात. एक वर सांगितला. दुसरा जुन्या मटेरियलचा, आणि हा फार डेंजर आहे. टेलिग्रामवर फिरणाऱ्या स्टॅटिक (पायाभूत माहितीच्या) बँकिंगच्या पीडीएफ कधीच्या आहेत कुणाला माहीत नसतं. स्मॉल फायनान्स बँकांचं प्रायॉरिटी सेक्टरचं (शेती, लघुउद्योग वगैरेंना द्यायच्या कर्जाचं) टार्गेट अजून ७५ टक्के छापलेलं दिसतं, ते जून २०२५ मध्ये ६० केलंय. मुद्रा लोन १० लाखांपर्यंत असं लिहिलेलं असतं, २०२४ च्या बजेटनंतर तरुण प्लस या गटात ते २० लाख झालं, आणि तेही ज्यांनी आधीच्या तरुण गटातलं कर्ज फेडलंय त्यांनाच. जीवन ज्योती विम्याचा वर्षाचा हप्ता ३३० आणि सुरक्षा विम्याचा १२, हे आकडे जून २०२२ पासून ४३६ आणि २० आहेत, तरी अजून पोरं मला ३३० सांगतात! पेपर काढणारा जुना आकडा ऑप्शनमध्ये मुद्दाम ठेवतो. जो वर्षभर बातमी बघत आला त्याला बदल झालेला दिसलेला असतो, त्यामुळे तो फसत नाही.

तुमच्या रूममेट्सचं झालं ते खोटं आहे असं मी म्हणणार नाही. पण त्यांना एक विचारा, त्याआधी त्यांनी काय केलं होतं. कॉमर्सचे होते का, आधी एखादी मेन्स दिली होती का, घरी पेपर वाचायची सवय होती का. महिन्यात ज्याचं होतं त्याचा पाया बहुतेक वेळा आधी घातलेला असतो, त्याला स्वतःला तो अभ्यास वाटत नाही एवढंच.

आता जॉबचं. हा तुमचा मुद्दा मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो, कारण दिवसाचे आठ-नऊ तास कामावर आणि वर प्रवास करून घरी आल्यावर काय अवस्था होते ते मी रोज बघते. म्हणूनच शेवटच्या महिन्याच्या भरवशावर राहू नका म्हणते. दिवसभर मोकळा असलेला पोरगा शेवटच्या महिन्यात रोज पाच तास जीएला देऊ शकतो, तुम्ही नाही देऊ शकत, आणि तेव्हा मेन्स लेव्हलचं रिझनिंग आणि डेटाची गणितंही करायची असतात. तुमच्या बाबतीत हे काम आधीच पसरून करण्याशिवाय दुसरा रस्ता नाही. आणि ते फार नाहीये. बसमध्ये, लंचमध्ये, अर्धा-पाऊण तास.

त्यात सगळा पेपर वाचायचा नाही. राजकारण, कुणी कुणावर काय आरोप केले, गुन्हे, सरळ सोडा. अर्थकारणाचं पान आणि पहिल्या पानावरच्या सरकारी योजना, बास. पीआयबीची (केंद्र सरकारच्या पत्र सूचना कार्यालयाची) प्रसिद्धिपत्रकं मराठीतही निघतात, योजनांसाठी ती वाचा, मराठी मिडीयमवाल्याला तिथे काहीच अडचण नाही. आरबीआयची अख्खी वेबसाइट कुणीच वाचत नाही, तुम्हीही वाचू नका, दर दोन महिन्यांनी पतधोरण येतं त्या दिवशी गव्हर्नरांचं स्टेटमेंट उघडा आणि शेवटी ज्या नवीन घोषणा असतात तेवढ्या वाचा. पहिल्या वेळी इंग्रजी जड जाईल, दुसऱ्या-तिसऱ्या पतधोरणापर्यंत लक्षात येईल की तेच तेच पन्नास-साठ शब्द फिरतात.

वही मात्र तारखेप्रमाणे लिहू नका, संस्थेप्रमाणे लिहा. हे मी सगळ्यांना सांगते आणि फार थोडे ऐकतात. आरबीआयला चार पानं, नाबार्ड (शेती-ग्रामीण कर्ज), सेबी (शेअर बाजार), सिडबी (लघुउद्योग), एनपीसीआय (यूपीआय), पीएफआरडीए (पेन्शन), इर्डा (विमा) यांना एकेक-दोन पानं. वर स्टॅटिक लिहायचं, म्हणजे नाबार्ड, १२ जुलै १९८२, शिवरामन कमिटी, मुख्यालय मुंबई. सिडबी, २ एप्रिल १९९०, लखनौ. खाली जागा सोडायची आणि त्या संस्थेची बातमी आली की तिथेच जाऊन लिहायची. अटल पेन्शनची बातमी आली तर पीएफआरडीएच्या पानावर, तिथे वयाची अट १८ ते ४० आणि पेन्शन १ ते ५ हजार आधीच लिहिलेलं असतं, नवीन ओळ लिहिताना जुनी डोळ्याखालून जाते. वेगळी रिव्हिजन करावी लागत नाही. रविवारी फक्त पानं उलटायची. पुरस्कार, स्पोर्ट्स, नेमणुका, दिनविशेष, हे मात्र खरंच पाठांतर आहे आणि ते कॅप्सूलमधून शेवटी करा, तिथे तुमचं म्हणणं मला पूर्ण मान्य आहे.

मराठी मिडीयमबद्दल एकच. २०१९ ला ग्रामीण बँकांच्या आणि २०२१ ला सरकारी बँकांच्या क्लार्क भरतीसाठी प्रादेशिक भाषांमध्ये पेपर देण्याचा निर्णय झाला, त्यामुळे तिथे जीए मराठीत सोडवता येतं. पण आयबीपीएस पीओ इंग्रजी-हिंदीतच आहे. तुम्ही दोन्ही फॉर्म भरणार असाल (बहुतेक सगळे भरतात) तर वहीत आशय मराठीत लिहा पण टर्म मात्र इंग्रजी जशी आहे तशीच ठेवा, म्हणजे दोन्ही पेपरला तीच वही चालेल.

तुम्ही कमेंटमध्ये कुठली परीक्षा धरलीये ते लिहिलं नाहीत. क्लार्क, पीओ की आरबीआय ग्रेड बी (आरबीआयची अधिकारी भरती)? कारण ग्रेड बीच्या पहिल्या फेजलाच २०० पैकी ८० मार्क जीएला असतात, तिथे हा सगळा हिशोबच वेगळा होतो. आणि संध्याकाळी घरी किती वाजता पोचता तेही सांगा, त्याप्रमाणे अर्धा तास कुठे बसवायचा ते इथेच खाली लिहिते.