‘त’वरून ताकभात

आमच्या फ्लॅट स्कीममध्ये २४ फ्लॅट आहेत आणि सेक्रेटरी एक. तो मी आहे, कारण ज्या मीटिंगमध्ये सेक्रेटरी निवडायचा होता त्या मीटिंगला मी एकटाच वेळेवर पोचलो होतो. मेंटेनन्सचा हिशोब मी बरीच वर्षं वहीत ठेवला. मग पुण्याचा भाचा दिवाळीत आला, वही पाहून हळहळला आणि माझ्या म्हाताऱ्या डेस्कटॉपवर लिनक्स, म्हणजे विंडोजच्या जागी चालणारी प्रणाली, नि पायथन, म्हणजे कॉम्प्युटरला हुकूम द्यायची एक भाषा, बसवून गेला. बसवून म्हणजे तयार आणून नाही. सोर्सवरून, म्हणजे मूळ कोडपासून, घरच्या घरी बांधून. “मामा, आता तुम्ही फक्त टाइप करायचं,” म्हणाला.

घर बांधून झालं होतं, फक्त नळ जोडायचे राहिले होते. हे मला मे महिन्यात कळलं.

दुपारची वेळ, पारा ४५ च्या वर, खिडकीत कूलर घरघरत होता आणि मी प्रॉम्प्टवर, म्हणजे त्या तीन काटेरी कंसांपुढे, २४ फ्लॅटचे २४ आकडे एका ओळीत लिहीत होतो. १२५०, स्वल्पविराम, १२५०, स्वल्पविराम. पेन्टहाउसवाल्यांचे १८००. एंटर मारलं. यंत्र म्हणालं, सिंटॅक्स, म्हणजे लिहिण्याची रीत, चुकली. पाहतो तर सतराव्या फ्लॅटनंतर स्वल्पविराम नाही. आमचं पायथन ३.१० या आवृत्तीच्या आधीचं. नंतरची पायथनं ‘स्वल्पविराम विसरलात का’ असं आपुलकीनं विचारतात, आमचं नुसतं बोट दाखवतं.

एवढंच ना, म्हणून मी वरच्या बाणाचं बटन दाबलं. आधीची ओळ परत येईल, मधात एक स्वल्पविराम कोंबू. ओळ आली नाही. त्याऐवजी एक टोपी (^), दोन चौकटी कंस आणि इंग्रजी ‘ए’ उमटला. पुन्हा दाबलं. पुन्हा टोपी, कंस, ‘ए’. डावा बाण दाबून पाहिला तर टोपी, कंस, ‘डी’. अकरा वेळा दाबल्यावर स्क्रीनवर टोप्यांचं दुकान लागलं.

ओळ पुन्हा लिहिली. या वेळी एरर नाही! पण मोजणी केली तर फ्लॅट २३. अर्धा तास शोधलं. एका जागी स्वल्पविरामाऐवजी टिंब पडलं होतं. १२५० टिंब १२५०, म्हणजे पायथनच्या लेखी एकच दशांश संख्या. दोन बिऱ्हाडांमधली भिंत मी एका टिंबानं पाडली होती. तिसऱ्यांदा लिहायच्या आधी भाच्याला फोन लावला.

“मामा, रीडलाइन राह्यली वाटते,” तो म्हणाला. आवाजात पश्चात्ताप औषधालाही नव्हता.

मग त्यानं जे सांगितलं ते मला फार आवडलं. बाणाचं बटन म्हणजे कॉम्प्युटरला बाण वगैरे काही कळत नाही. तीन अक्षरांचा एक निरोप जातो: एस्केप, चौकटी कंस आणि ‘ए’. १९७८ साली डेक कंपनीनं व्हीटी१०० नावाचं टर्मिनल, म्हणजे मोठ्या कॉम्प्युटरला जोडायचा पडदा नि कीबोर्ड, काढलं, त्याची ही बोली अजून चालू आहे. वर ‘ए’, खाली ‘बी’, उजवीकडे ‘सी’, डावीकडे ‘डी’. तो निरोप घेऊन त्याप्रमाणे ओळ आणून देणारा गडी म्हणजे रीडलाइन. लिनक्सवर हुकूम घेणारा बॅश नावाचा प्रोग्राम लिहिणाऱ्या ब्रायन फॉक्सनंच लिहिलेला. पायथन बांधताना त्याच्या फाइली मशीनवर नसतील तर पायथन त्याच्याशिवाय उभं राहतं, अडून न बसता. मग निरोप्या येतो, घरात कोणी नाही पाहून निरोप दारावरच खडूनं लिहून जातो. माझ्या दारावर अकरा निरोप होते.

दुसऱ्या रविवारी त्यानं पुण्याहून माझ्या मशीनमध्ये शिरून पायथन नव्यानं बांधलं आणि मला स्वर्ग दोन बोटं उरला. वरचा बाण दाबला की ओळ हजर. कंट्रोल-ए म्हणजे ओळीचं तोंड, कंट्रोल-ई म्हणजे शेपूट. कंट्रोल-के पुढचं सगळं मारतं आणि कंट्रोल-वाय मारलेल्याला जिवंत करतं. कंट्रोल-आर दाबून ‘१८००’ लिहिलं की पेन्टहाउसची ओळ पाताळातूनही वर येते. दिवसभर मी नुसता ओळी मारून जिवंत करत बसलो होतो. हिशोब काही झाला नाही.

पण माझं बोट एक्सेलमध्ये वाढलेलं. दर पाच मिनिटांनी आपोआप कंट्रोल-एस दाबतं. इथं दाबलं आणि स्क्रीन दगड झाली. अक्षर उमटेना. कूलरचा पंप बंद पडला की मी त्याला जे बोलतो ते सगळं मी या यंत्राला टाइप करून बोललो, प्रत्येक वाक्यानंतर एंटर. काहीच उमटत नव्हतं, त्यामुळे भीड चेपली. शेवटी फोन.

“कंट्रोल-क्यू मारा, मामा.”

मारला. आणि मी बोललेलं सगळं, प्रत्येक वाक्याखाली एररसकट, स्क्रीनवर धाडधाड ओतलं गेलं. टेलिप्रिंटरच्या काळात समोरच्याला ‘थांब’ म्हणायची खूण म्हणजे कंट्रोल-एस, ‘चालू दे’ म्हणजे कंट्रोल-क्यू. यंत्रानं फक्त बोलणं थांबवलं होतं, ऐकणं नाही. ते सगळं हिस्टरीत, म्हणजे लिहिलेल्या ओळींच्या नोंदीत, जमा झालं. आजही वरचा बाण जरा जास्त दाबला की माझी सरस्वती एकेक ओळ करून समोर येते, आणि खोलीत कोणी पाहुणा असला तर मी पटकन खालचा बाण दाबतो.

टॅबचं प्रकरण मात्र याहून वाईट झालं. ‘त’ म्हणताच ताकभात ओळखणारं बटन ते. दोन-तीन अक्षरं लिहा, टॅब मारा, उरलेलं नाव तो लिहितो. एकाहून जास्त नावं जुळली तर गप्प बसतो. दुसऱ्यांदा मारला की यादी मांडतो. ‘पी-आर’ लिहून दोनदा टॅब मारला की दोन नावं येतात: प्रिंट आणि प्रॉपर्टी. तिसऱ्या माळ्यावरचे काका मागं उभे राहून पाहत होते. प्रॉपर्टी वाचून त्यांचा चेहरा खुलला. “वर्धा रोडचा प्लॉट दाखवते का हे?” त्यांनी विचारलं.

काका आपला थकलेला मेंटेनन्स किती ते पाहायला आले होते. चौदा महिन्यांचा होता. मला वाटलं, या निमित्तानं यंत्राचा चमत्कारही दाखवावा. म्हटलं, “काका, आता पाहा. मी नुसतं ‘का’ लिहितो, पुढचं हा ओळखते.” ‘का’ लिहिलं, टॅब मारला.

पायथन ३ मध्ये नावं देवनागरीतही देता येतात. थकबाकीदारांना मी आपल्या सोयीची नावं देऊन ठेवली होती. यंत्रानं क्षणाचाही विचार न करता लिहिलं: काका_कंजूस.

कूलरचा आवाज तेवढा येत होता. काकांनी चष्मा वर-खाली करून दोनदा वाचलं.

“मधात हा डॅश कायले टाकला?” त्यांनी विचारलं.

“स्पेस चालत नाही, काका.”

“असं का,” म्हणाले आणि पाणी पिऊन गेले. थकबाकी आता पंधरा महिन्यांची आहे.

एका दुपारी लाइन गेली. आमच्या इन्व्हर्टरवर दोन पंखे आणि एक ट्यूबलाइट. डेस्कटॉप त्यात बसत नाही. लाइन आल्यावर वरचा बाण दाबला तर कालच्या ओळी, आजची एकही नाही. भाच्याचं स्पष्टीकरण: पायथन हिस्टरी फाइलमध्ये लिहितं ते बाहेर पडताना. सांगून निघालं तर लिहितं, मधेच गेलं तर नाही.

सांगून निघणंही सोपं नाही. नुसतं ‘एक्झिट’ लिहिलं तर आमचं पायथन म्हणतं की बाहेर जायचं असेल तर कंसांसकट एक्झिट लिहा. म्हणजे मला काय पाहिजे ते त्याला नक्की कळलं आहे, पण अर्ज रीतसर पाहिजे. २०२४ साली आलेल्या ३.१३ मध्ये नुसत्या एक्झिटवर सोडतात म्हणे, पण तेवढ्यासाठी पुन्हा बांधकाम काढायची माझी छाती नाही.

शिवाय निरोप घेताना ‘जातो’ कोण म्हणतं? म्हणून मी ‘येतो’ नावाचं फंक्शन, म्हणजे स्वतःचा एक हुकूम, लिहिलं, आत फक्त एक्झिट, आणि पायथन सुरू होताना आपोआप वाचलं जातं त्या फाइलीत ठेवून दिलं. आता लाइन जाण्याची चिन्हं दिसली, म्हणजे ट्यूबलाइट एकदा जरी फडफडली, की मी धावत येऊन ‘य’ लिहितो आणि टॅब मारतो. ‘य’वरून सुरू होणारं दुसरं नाव त्याला माहीत नाही. कंस पुरा करून एंटर मारला की ते ‘येतो’ म्हणतं आणि जातं.